मार्थाबाईंची छत्री

मार्थाबाई साळवे नर्सच्या नोकरीतून रिटायर झाल्या, पण राउंड घ्यायची सवय काही सुटली नाही. दर रविवारी चर्चमध्ये उपदेश सुरू झाला, की त्या छत्री घेऊन बाकांमधून फिरत आणि डुलकी घेणाऱ्याच्या बरगडीत तिचं टोक खुपसत. खुद्द त्यांच्या नवऱ्याच्या प्रत्येक शर्टाला एकाच जागी भोक होतं.

एका रविवारी शेवटच्या बाकावर एक अनोळखी माणूस पंख्याखाली चक्क आडवा होऊन घोरत होता. छत्री लागताच तो धडपडून उठला.

"काहून झोपून राहिला गा? ही काय धर्मशाळा हाय?" मार्थाबाई कडाडल्या.

"बाई, मी धोंडबा. इतवारी बाजारात हातगाडी ओढतो. दारावरची पाटी वाचली. थकलेल्याले इथं येशू विसावा देते म्हणे. मी लय थकलो, म्हणून आलो." तो घाबरून म्हणाला, "पाटी खोटी हाय का?"

आता ती पाटी मार्थाबाईंनीच रंगवलेली. खोटी म्हणावी तर येशूवर आळ, खरी म्हणावी तर छत्री बेकार. त्या तणतणत त्याच्याच शेजारी बसल्या.

"झोप गा. पण घोरू नको."

रिटायर झाल्यापासून त्या उपदेशाला पहिल्यांदाच बसल्या होत्या.

पाचच मिनिटांत शेवटच्या बाकावरून असं घोरणं उठलं, की पाळकसाहेब बोलायचे थांबले. सगळं चर्च मागे वळलं. धोंडबानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला साहेब, बाईचा आत्ताच डोळा लागला."