झोपलेल्या नायकाची जाहीर माफी

मंडळी, मागच्या आठवड्यात मी इथे एका ड्रॅगनवाल्या प्रेमकादंबरीला शिव्या घातल्या होत्या, आठवतंय? नायिका धीर करून प्रेम कबूल करते आणि हा बाबा चक्क झोपून जातो! दोनच स्टार दिले होते मी.

आज सकाळी शेजारच्या सुशीला अक्का ती कादंबरी परत द्यायला आल्या. त्यांचं मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचंच.

माझी एक खोड आहे. प्रेमाच्या पानांचे कोपरे मी दुमडून ठेवते आणि लढाया सरळ गाळते. अक्कांनी नेमकं उलटं केलं होतं.

"दुमडलेली पानं तुझी खासगी असतील म्हणून सोडली. बाकी सगळं वाचलं."

मी नायकाच्या झोपेवर तोंडसुख घेतलं, तर अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अगं, हिला काही होऊ नये म्हणून तीन रात्री तो एकटा किल्ल्याच्या दारात उभा होता. स्वल्प झोपू दे की त्याला!"

मी दोन स्टार मागे घेतले, पूर्ण पाच दिले.

लगेच लढाया वाचायला घेणार होते, पण पुस्तक पुन्हा अक्कांकडे गेलंय. दुमडलेली पानं वाचायचीत म्हणे!

खरं सांगा, तुम्ही कुठली पानं गाळता?