शर्टावरचा निकाल

माझं वर्ध्यात सायकलचं दुकान आहे. जिल्ह्यातल्या जाम गावाजवळ पहाडी सायकलींचा कारखाना निघाला, म्हणून माल पाहायला गेलो. चहूकडे सपाट कपाशी. मी विचारलं, "यात पहाड कुठाय?"

सगळ्या कामगारांनी फाटकाशी उभ्या असलेल्या, पोट सुटलेल्या एका गृहस्थांकडे बोट दाखवलं. नव्या सायकलींची परीक्षा तेच घ्यायचे. अंगात पांढराशुभ्र शर्ट. त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात भरला, सायकल काढली आणि आपल्या गावच्या रस्त्याला लागले. रस्ता कसला, नुसते खड्डे! ते परतले तेव्हा सारा कारखाना काम सोडून त्यांचा शर्ट न्याहाळत होता. खर्ऱ्याचा एक थेंब दिसला, की सायकलीचा धक्के झेलणारा शॉकअप नापास.

डाग नव्हता. टाळ्या पडल्या.

मला राहवलं नाही. "पण त्या रस्त्यावर आता डांबर पडतंय ना? रोलर उभा दिसला मला. मग परीक्षा कुठे घेणार?"

टाळ्या थांबल्या. मालकांचा चेहरा उतरला. ते गृहस्थ मात्र बाजूला जाऊन निवांत थुंकून आले.

"तुमी काऊन टेन्शन घेऊन राह्यले, भाऊ? ठेकेदाराले मी ओळखतो. एक पावसाळा जाऊ द्या, आपला पहाड जागेवर येते."