चिंचेचं खोड आणि अठरा इंची पट्टी

आमच्या घरात मापं घ्यायचं काम माझं. गावातल्या निम्म्या बायकांच्या ब्लाऊजची मापं मला तोंडपाठ होती. कोण भरलं, कोण वाळलं, हे त्यांच्या नवऱ्यांआधी मला कळायचं. पण माझं माप कापडापुरतं. शेत, मोटार, पाईप असला विषय निघाला की घरातले सगळे माझ्याकडे पाठ करून बोलायचे. लग्नाला सात वर्षं झाली होती. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? मी तो भाकरी थापताना काढायचे, म्हणून माझ्या भाकरी पातळ व्हायच्या आणि सगळे त्यांचं कौतुक करायचे.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. केदारखेड्याच्या अलीकडे आमचं शेत. धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं आणि मांडव आमच्याच दारात पडणार होता. अख्ख्या गावाचं जेवण म्हटल्यावर लाकूडफाटा आलाच. त्यात सासूबाईंचा एक हट्ट होता. लेकीच्या लग्नाच्या चुलीत विकतचं लाकूड जाणार नाही, घरच्या बांधावरचंच जाईल. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी तसं केलं होतं, मोठ्या दोन्ही नणंदांच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी केलं. सासरे आता नव्हते. तेव्हा हे काम आमच्या ह्यांच्या अंगावर आलं, आणि ह्यांनी चारचौघांत छाती ठोकून सांगितलं की काळजीच करू नका.

लाकूड होतं, पण कापणार कसं? बांधावरची थोरली चिंच दोन उन्हाळ्यांपूर्वी वादळात आडवी झाली होती. फांद्या केव्हाच चुलीत गेल्या. उरलं होतं ते नुसतं खोड, एका माणसाच्या कवेत न मावणारं, वाळून असं टणक झालेलं की कुऱ्हाड उसळून परत यायची. दोन लाकूडतोडे आले, खोडाभोवती फिरले, चहा प्यायले आणि निघून गेले.

मग ह्यांच्या डोक्यात मशीन शिरलं. जालन्यात पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत मिळते, असं कुणीतरी सांगितलं. तिला एक लोखंडी पट्टी असते, पट्टीच्या कडेनं दातेरी साखळी फिरते. जेवढी पट्टी लांब तेवढं जाड लाकूड कापतं. म्हणजे आधी झाडाचं माप हवं. ह्यांनी माझा टेप न विचारता उचलला आणि गेले.

आमच्याकडे व्यापारी झाड घेतो ते घेरावर. खोडाला सुतळी गुंडाळायची, मापायची, सौदा करायचा. ह्यांनी तेच केलं. घेर भरला चौऱ्याऐंशी इंच. मग सुतळी दुमडून निम्मी केली. निम्मी खोडाच्या पुढून, निम्मी मागून, म्हणजे झाडाची रुंदी बेचाळीस इंच! हा हिशोब घेऊन ते जालन्याला गेले आणि संध्याकाळी तोंड पाडून आले. दुकानदार म्हणाला होता, बेचाळीसची पट्टी आमच्याकडे कुणी मागत नाही आणि मिळतही नाही.

"आता जाऊ दे आई," हे सासूबाईंना म्हणाले. "वखारीतून टेम्पोभर लाकूड आणतो. कोण पाह्यला येतंय?"

सासूबाई नुसत्या उठल्या आणि गोठ्याकडे गेल्या. लग्नाला आठ दिवस राहिले होते आणि त्या पाठमोऱ्या जाताना पाहून माझा जीव कळवळला. सासू म्हणून त्यांनी मला कमी छळलं नव्हतं, पण ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी नणंदेच्या चुड्याचं माप पाहायला कासारीण आली. तिनं नणंदेचा हात दाबून, बोटं चेपून पाहिला आणि म्हणाली, "सव्वादोन. बराबर बसंल." माझ्या हातात टेप होता, सवयच ती. मी सहज त्या मापाच्या एका बांगडीच्या आतून टेप फिरवला. सात इंच. सातचं निम्मं साडेतीन. साडेतीनची बांगडी तर नणंदेच्या दंडात गेली असती. आणि कासारीण बांगडीचं आडवं माप सांगत होती सव्वादोन!

मी तशीच उठले. हे अंगणात बसून वखारवाल्याचा पत्ता कुणाला तरी विचारत होते.

"अहो, तुमचं माप चुकलंय."

"झाडाला ब्लाऊज शिवून राह्यली का तू?"

अंगणातले सगळे हसले. मी पण हसले, पण आत गेले आणि लग्नासाठी आणलेली मोठी परात उचलून आणून त्यांच्यापुढे धाडकन ठेवली.

"हिचा घेर मोजा."

भरला सहासष्ट.

"निम्मे किती?"

"तेहतीस."

"आता हिच्यावर टेप आडवा धरा."

आडवा भरला एकवीस. ह्यांनी परात उलटी केली आणि पुन्हा मोजलं. पुन्हा एकवीस. मग टेप उलटा करून मोजलं. सासूबाई गोठ्याच्या दारातून पाहत होत्या.

"मंग झाड कितीचं?" त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते मला.

"सत्तावीसच्या आसपास, आत्याबाई. घेराचं निम्मं न्हाई, तिसऱ्या हिश्शाहून थोडं कमी धरायचं."

"हिला घेऊन जा जालन्याला," सासूबाई म्हणाल्या. "जल्दी जा."

गाडीवर मागे बसून मी जालन्याला निघाले तेव्हा मला लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं. हे मात्र सगळी वाट नुसते खड्डे चुकवत होते. दुकानात गेल्यावर त्यांना पुन्हा चेव आला. सत्तावीस म्हटल्यावर त्यांनी थेट तीसची पट्टी मागितली.

"ती मोठ्या मशीनला लागती," दुकानदार म्हणाला. "मागवावी लागल. पंधरा दिवस तरी धरा."

कपाटात एक लहान मशीन होतं, अठराच्या पट्टीचं. ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्या मशीनला लाज वाटावी. "ह्यालाच लांब पट्टी बसवून द्या ना!"

"बसवतो, पण चालणार न्हाई. एवढी साखळी ओढायला इंजिनात दम पायजे. लाकडात जाऊन बंद पडल. तेल बी टोकापर्यंत पोचत न्हाई, साखळी तापून जाती."

मला राहवलं नाही. "अहो दादा, आम्ही भाजीला भलंमोठं डांगर कापतो ना, तेव्हा विळी काय डांगराएवढी असती का? इकडून निम्मं कापायचं, फिरवायचं, तिकडून निम्मं. अठरा इकडून आन् अठरा तिकडून, छत्तीस झाले. आमचं झाड तर सत्तावीसच हाय."

दुकानदारानं हातातला पाना खाली ठेवला. "ताई बिलकुल बराबर बोलून राह्यल्या," तो ह्यांना म्हणाला. "लोक पट्टी घेत्यात मिशीच्या मापानं. अठरा घ्या, बारक्या फांद्यांना बी हलकी पडती."

हे मिशीवरून हात फिरवत होते. तो त्यांनी खाली घेतला.

शेतात पहिला काप मात्र फसला. ह्यांनी एका बाजूनं छान कापलं, पलीकडून कापत आले तर दोन्ही काप एकमेकांना चार बोटं चुकवून गेले. बांधावर अर्धं गाव तमाशा पाहायला जमलेलं. हे घामाघूम, कान लाल झालेले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मदत हवी असल्यासारखं. मी पदर खोचला, खोडाभोवती सुतळी गच्च गुंडाळली आणि तिच्या कडेनं कापडाच्या खडूनं पूर्ण गोल रेघ मारली. "ह्या रेघेवर ठेवा. रेघ सोडायची न्हाई." पोरांनी पहारीनं खोड उचलून खाली दगड सारले, म्हणजे साखळी मातीत जायला नको. मशीन पुन्हा गुरगुरलं. इकडून निम्मं, मग हे पलीकडे गेले, तिकडून निम्मं. भुसा उडत होता, चिंचेचा आंबूस वास आला, आणि एकदम धप्पकन ओंडका वेगळा झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी टाळ्या वाजवल्या, आणि सुनेनं चारचौघांत टाळ्या वाजवायच्या नसतात हे मला पाचव्या टाळीला आठवलं. सासूबाईंनी ओंडक्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि डोळे पुसले.

त्या लाकडाचा विस्तव असा पडला की आचाऱ्याला सारखी चुलीतून लाकडं बाहेर ओढावी लागली. भाताला खालून जराशी करप लागली आणि लोकांनी तीही आवडीनं खाल्ली. नणंद सासरी गेली. मी खूप रडले, तिच्यापेक्षा जास्त.

पुढे मशीनची बातमी पसरली. दिवाळी झाल्यावर एक दिवस टेंभुर्णीचे एक पाहुणे आले. फेटा, धोतर, वजनदार माणूस. त्यांचा जुना वड उन्मळून पडला होता. ओसरीवर भावकीतले पाच-सहा जण बसलेले. मी आत चहा गाळत होते.

"घेर मोजून आलो," पाहुणे म्हणाले. "एकशेवीस भरला. तुमची पट्टी पुरल का न्हाई, ते सांगा."

मी आतल्या आत भागून टाकलं. अडतीसच्या वर जाणार. दोन्हीकडून छत्तीसच. पुरणार नाही, चोवीसची पट्टी आणि तिला ओढणारं मशीन लागणार. पण मी बोलले नाही. कप भरत राहिले आणि ह्यांच्या आवाजाची वाट पाहत राहिले. आता हे छाती ठोकतील, असं वाटलं.

"मला इचारू नका," हे म्हणाले, सगळ्या भावकीसमोर, खणखणीत आवाजात. "झाड पाह्यचं काम आमच्या मंडळीचं हाय. ती हो म्हनल्याबिगर मी मशीनला हात लावत न्हाई."

ओसरीवर कुणी हसलं नाही. कप भरून चहा बाहेर वाहू लागला. मी तो तसाच जाऊ दिला आणि बाहेर येऊन पाहुण्यांना विचारलं, "वड कुठं पडलाय, बांधावर का वाटेवर?"