आकारामची रिक्षा सरळ जात नाही

घाईत असाल तर आकारामच्या रिक्षात बसू नका, एवढं माझं ऐका. तो माझा गडमुडशिंगीतला शेजारी. माझं बाइंडिंगचं दुकान शहराकडे, एका संशोधन संस्थेच्या दारात. रोज सकाळी मी त्याच्या रिक्षातून निघतो आणि रोज उशिरा पोहोचतो. मी वेळेचा माणूस आहे. या गृहस्थाने माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या ओसरीवर चहात बुडवलं.

कारण त्याला 'नको' म्हणता येत नाही. कुणी हाक मारली की रिक्षा थांबते. शिवाय आत बसलेला माणूस त्याच्या लेखी गिऱ्हाईक नसतोच, पाहुणा असतो. विमानतळ आमच्या गावाला लागून. विमानातून उतरलेला माणूस म्हणतो, शहरात जायचंय. आकाराम म्हणतो, "चला की पावणं, घर वाटंतच हाय, घोटभर च्या घिऊन जाऊ." घर वाटेत नाही. शहर एकीकडे, मुडशिंगी दुसरीकडे. तरी औषध कंपनीचे साहेब, नवं लग्न झालेलं जोडपं, एकदा तर कुणाच्या तरी बंगल्यावर धाड घालायला आलेले दोन अधिकारीसुद्धा त्याच्या घरी भाकरी खाऊन गेलेत. ती धाड दुपारनंतर पडली.

मुलीच्या बाबतीतही हेच. मधुवंती म्हणाली, सायन्स घेते. हा म्हणाला, घे की. ती म्हणाली, हे स्थळ मला पसंत नाही. हा म्हणाला, बरं. असं तीनदा झालं. मग ती म्हणाली, पीएचडी करते. भावकी डोक्याला हात लावून बसली. "आरं, एकदा तरी पोरीला न्हाय म्हण!" ते काही त्याला जमलं नाही.

ज्या संस्थेच्या दारात माझं दुकान, तिथेच ती लागली. तिचा विषय होता, वाढत्या मेंदूतल्या चेतापेशी आपली वाट कशी शोधतात. त्यासाठी कोंबडीची उबवायची अंडी लागायची. ती हातकणंगल्याहून आणायचं काम अर्थातच बापाकडे. मागच्या सीटवर अंड्यांचे ट्रे, त्यांच्यावर आकारामची शाल, आणि मी पुढे त्याच्या शेजारी अर्ध्या ढुंगणावर. खड्डा आला की तो मागे वळून अंड्यांना म्हणायचा, "बसा, बसा, काय न्हाय झालं." मला कधी विचारलं नाही.

एका रविवारी ओसरीवर तिने बापाला सगळं समजावून सांगितलं. "अण्णा, चेतापेशी नवी असते ना, तेव्हा तिला एक लांब धागा फुटतो. त्या धाग्याचं टोक चाचपडत पुढं जातं. वाटेतल्या पेशी रसायनं सोडतात. काही म्हणतात, इकडं ये. काही म्हणतात, इकडं येऊ नको. त्यावर टोक वळतं."

"म्हंजे दारातली माणसंच की!" आकाराम खूश झाला.

"तसंच. आणि बरोबर मधे एक सीमा असते. तिथल्या पेशी आधी धाग्याला जवळ ओढतात. पण धागा सीमेपलीकडं गेला, की त्याच पेशींचा 'जा' हा इशारा त्याला कळायला लागतो. मग तो पुढं निघून जातो."

आकारामचा चेहरा पडला. "घरी आलेल्याला जा म्हणायचं? ही कसली रीत?"

"जा म्हटलं नाही तर तो तिथंच फिरत बसतो, अण्णा. पोचतच नाही कुठं."

मी आकारामकडे टक लावून बघितलं. त्याला काहीही लागलं नाही.

पुढे तिला बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली. अट एकच, एक तारखेच्या आत तोंडी परीक्षा झालेली हवी. परीक्षक डॉ. मदिहा बेग हैदराबादहून एकोणतीस तारखेला सकाळच्या विमानाने येणार, दुपारी परत जाणार, आणि दुसऱ्या दिवशी महिनाभर परदेशी. म्हणजे तो एक दिवस हुकला की जागा गेली. मधुवंतीने बापापुढे हात जोडले. "अण्णा, त्या दिवशी विमानतळाकडं फिरकू नका."

"बरं," तो म्हणाला. एकोणतीसच्या सकाळी सरपंचांच्या मेव्हणीने विमानतळावर सोडायला सांगितलं. तिलाही तो "बरं" म्हणाला.

मी त्याच्या ओसरीवर खोळंबलो होतो. साडेनऊला तो परत आला, तेव्हा रिक्षात पांढऱ्या केसांच्या एक बाई. संस्थेचा ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन विमानतळाच्या दारात उभा होता म्हणे, पण आकारामने त्याच्या आधी बॅग उचलली होती. त्याची बायको राजाक्का हिने ताट मांडलं. बाई "नक्को, नक्को जी" म्हणत होत्या, पण आमच्याकडे पाहुण्याचं नको धरत नाहीत. दुसरी भाकरी ताटात पडली. बाईंनी मांडीवरचा जाड ठोकळा खाली ठेवला आणि त्यावर चहाचा पेला टेकवला. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं. मी माझं काम कुठेही ओळखतो; मधूचा प्रबंध मीच बांधला होता.

"आकाराम!" मी किंचाळलो. "ही मधूची परीक्षक हाय!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मधुवंती रडत होती. "अण्णा, मॅडम हरवल्या! साडेदहाला परीक्षा हाय!"

"हरवल्या न्हाईत," आकाराम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पिठलं खायला लागल्यात."

"आधी त्यांना घेऊन निघा!" ती फोनवरूनच ओरडली.

निघालो खरे, पण तोवर राजाक्काने गल्लीभर सांगितलं होतं की मधूची परीक्षा घेणाऱ्या बाई आमच्याकडं जेवल्या. मग काय! एका दारात शेंगदाण्याचे लाडू, पुढच्या दारात दह्याची वाटी, त्याच्या पुढे नुसतं बघायला आलेली म्हातारी. प्रत्येक हाकेला ब्रेक. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, मी आकारामच्या कानात बोंबलत होतो. दहा वाजून दहा मिनिटं झाली तरी आम्ही गावातच. वेशीपाशी त्याचा चुलतभाऊ धैर्यशील रस्त्याच्या मधोमध उभा, हातात उसाच्या रसाचा तांब्या. "दादा, मॅडमला गुऱ्हाळावर न्हेल्याबिगर सोडणार न्हाय!"

आकारामचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मग तो असा ओरडला की झाडावरचे बगळे उडाले. "न्हाय! न्हाय प्यायचा! बाजूला हो!"

धैर्यशील तांब्यासकट बांधावर चढला. पुढे दोन महिने तो बोलला नाही. आकारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण रिक्षा सरळ चालली होती. मला त्याचा इतका अभिमान वाटला की दुकान उघडायची वेळ टळल्याचंही मी विसरलो.

साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना पोहोचलो. परीक्षा सगळ्यांना खुली होती, म्हणून आम्ही दोघं मागे बसलो. शेवटी मॅडमनी विचारलं, दूर लोटणारा इशारा धाग्याला कळलाच नाही तर काय होईल?

"तो सीमेवरच घुटमळतो," मधुवंती म्हणाली. "परत परत तिथंच येतो."

मॅडमनी चष्म्यावरून मागे आकारामकडे बघितलं. "बरोबर है. आज सुबह मैं खुद देखी." सगळे हसले. आकाराम सगळ्यात मोठ्याने हसला, काही न कळून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बेंगळुरूला निघाली. आमच्यात निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरचे 'ये' म्हणतात. 'जा' कुणी म्हणत नाही. मधुवंती बापाच्या पाया पडली, पण पाऊल काही उंबऱ्याबाहेर पडेना. डोळे भरून आले तिचे. "अण्णा, तुम्ही नको म्हणालात तर राहते मी."

हा माणूस कालच 'नाही' म्हणायला शिकला होता.

आकारामने तिची बॅग उचलली. मग म्हणाला, "जा."

"आवं, जा काय म्हंता पोरीला!" राजाक्का ओरडली. "ये म्हणा!"

"न्हाय म्हणत. ये म्हटलं तर हितंच फिरत बसंल. तिच्याच पुस्तकात हाय."

मग त्याने तिला रिक्षात बसवलं, मी सामान धरून पुढे. गल्लीतून चार हाका आल्या, त्याने मान वळवली नाही. मुडशिंगी ते कावळा नाक्यावरचा बसस्टॉप, कुठेही न थांबता. बसला अजून दीड तास होता. तो दीड तास आम्ही तिघं गाड्यावर चहा पीत बसलो. बस आली, तसा आकाराम ड्रायव्हरला चहाला हाक मारायला निघाला. मधुवंतीने त्याचा हात धरून त्याला थांबवलं.

"अण्णा," ती म्हणाली, "जाते."