नळाचा बडा ख्याल

माझी अक्का पंचवीस वर्षं ख्याल शिकली, पण तिचा खरा जीव जुन्या गोंधळाच्या गाण्यांवर आणि थट्टेवर. धारवाडच्या आमच्या संगीत मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात यंदा तिला अर्धा तास मिळाला. तबल्यावर भावजी, पेटीवर मी.

आधी तिने संबळाच्या ठेक्यावर देवीची गाणी म्हटली. मागच्या रांगा टाळ्यांनी ठेका धरू लागल्या. मग तिने पदर सावरला, तोंड गंभीर केलं आणि यमनात विलंबित सुरू केलं : ‘नल में नीर न आयो, सखी री.’

आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. सभागृहात आधी खुसखुस, मग हशा. कोणीतरी कानडीत ओरडलं, “नीर बंदिल्ल, अक्का!” पाणी आलंच नाही म्हणे. तिने तेवढ्याच गांभीर्याने ‘न आयो’वर आलाप घेतला. रिकाम्या बादलीत हात घालून चाचपडावं तसा तो खाली खाली उतरत गेला. माझा हात हसण्याने पेटीवरून घसरला.

एवढ्यात पहिल्या रांगेतून कार्यवाह उठले. “पुरे! या मातीत केवढे गवई झाले! त्यांची विटंबना इथे चालायची नाही,” असं म्हणत त्यांनी हात केला आणि माईक बंद झाला.

अक्का थांबली नाही. माईकशिवाय तान घेऊन ती नेमकी समेवर आली आणि मगच उठली.

पडद्यामागे कार्यवाह म्हणाले, “ताई, लेखी माफी मागा. विषय मिटेल.”

“बेसूर झाले असेन तर आत्ता मागते,” अक्का म्हणाली. “सांगा, कुठे झाले?”

“सुराचा प्रश्न नाही हो. पावित्र्याचा आहे.”

माझं डोकं फिरलं. “आमच्या आधीच्या गवयांचा मारवा चालू होता, तेव्हा तुम्ही मोबाइलवर लग्नाचे फोटो बघत होता. ते पावित्र्य कुठलं?” मी विचारलं. भावजींनी माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला.

अरे, राग हाडात भिनल्याशिवाय त्याची थट्टा करता येते का? बेसुऱ्याने केली तर तो नुसता गोंगाट. अक्काचा तीव्र मध्यम त्या हशातही हलला नव्हता. तो ऐकू न येणाऱ्या माणसाने आम्हाला संगीताचा मान शिकवावा?

अक्काने माफी मागितली नाही. मंडळाने आमचं नाव कार्यक्रमातून कायमचं काढलं. आता जवळच उणकलला माझ्या घरी महिन्यातून एकदा बैठक होते. गोंधळही होतो, थट्टाही होते, आणि जागा पुरत नाही म्हणून लोक जिन्यात बसतात.

अक्का त्या सभागृहात पुन्हा गेली नाही. मी जाते. चांगलं गाणं तिथेच होतं, काय करणार? पण कार्यवाह आभार मानायला उठले की माझे कान तापतात, आणि मी उठून बाहेर येते.