रूबीआईंच्या हलव्याचं प्रमाण

आमच्या घरात रेसिपी विचारली की गोष्ट मिळते, आणि प्रमाण त्या गोष्टीतच कुठेतरी राहून जातं. आठ वर्षांत माझी वही अशा गोष्टींनी भरली. पदार्थ मात्र एकही धड लिहिलेला नाही!

माझं माहेर कात्रजचं, म्हशींच्या गोठ्याचं. सासर विश्रांतवाडीतलं, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. सासूबाई रूबीआई. त्यांच्या जिभेला अस्सल पुणेरी धार आहे, हे लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

*

पहिल्याच आठवड्यात मी हौसेने मटण केलं. छान दही लावून! टेबलावर एकाचाही हात पुढे येईना. मांस आणि दूध-दही या घरात एकत्र चालत नाही, हे माझ्या नवऱ्याने, डॅनियलने, मला तेव्हा सांगितलं. आता काय करू याचं? मला रडूच आलं.

आईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. म्हणाल्या, "मुली माहेर सोडून येतात. हिने पातेल्यात घालून आणलं!"

मटण खालच्या मजल्यावरच्या पाटीलकाकांकडे गेलं. ते अजून जिन्यात विचारतात, "सूनबाई, पुन्हा कधी चुकताय?"

*

मग मी वही घेऊन ओट्याशी उभी राहायला लागले.

"आई, मीठ किती?"

"चवीपुरतं."

"अहो, पण कोणाच्या?"

"माझ्या!"

*

डॅनियलला प्रमोशन मिळालं तेव्हा आईंनी नवसाचा मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. ऑफिसचा ग्रुप आला होता. एक मुलगा चमचा तोंडात घालून म्हणाला, "काकू, कांदेपोहे गोड कसे काय?"

"कांदे घातले नाहीत म्हणून," आई म्हणाल्या.

*

पण त्यांचा खरा मान हलव्याचा. रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष. त्याला गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात आटवून हलवा करायचा, वड्या पाडायच्या. सात वर्षं मला नारळ खवण्यापलीकडे बढती नव्हती! एकदा तरी तो माझ्या हातचा व्हावा, एवढीच माझी इच्छा होती.

गेल्या वर्षी सणाच्या तोंडावर आई बाथरूममध्ये घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसल्या आणि फर्मान सुटलं, "ढवळ!"

दोन तास. "हात थांबला!" "तळाला लागतंय!" मध्येच माझ्या आईचा फोन आला, तर सासूबाईंनी डाव्या हाताने तो माझ्या कानाला धरला. "बोल, पण ढवळ!"

वड्या पडल्या. आईंनी एक खाल्ली आणि ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळी डॅनियलची आत्या आली. तिसरी वडी उचलत म्हणाली, "रूबी, असा हलवा कधीच झाला नव्हता गं! कोणी केला?"

मी पदर सावरून पुढे झाले.

"मीच," आई म्हणाल्या. प्लास्टरचा हात वर करून!

मी तडक स्वयंपाकघरात गेले. खूप राग आला होता. मागोमाग आई आल्या, एक डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "यात वड्या भर. कात्रजला दे."

मी डबा उघडला.

"आणि तुझ्या आईला सांग, मुलीने केलाय. इथे मात्र मीच केलाय!"