फिरसे-काकू आणि बाद ठरवलेला प्रोसेसर

अन्याय झाला तो फिरसे-काकूंवर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचा चहा यायच्या आत. झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या फलकावर सचिवांनी कागद डकवला: "काकूंच्या निष्काळजीपणामुळे सर्व्हरचा एक प्रोसेसर जळाला आहे. संगणकवर्ग बंद. खोलीची किल्ली जमा करावी." ना चौकशी, ना विचारपूस. फिर्यादी तेच, न्यायाधीशही तेच!

काकू रेल्वेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेल्या. लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या सभागृहामागे एका खोलीत त्या वस्तीतल्या मुलींना फुकट शिकवायच्या. कुठल्याशा कचेरीनं मोडीत काढलेला सर्व्हर त्यांनी मिळवला होता, दोन प्रोसेसरांचा. एका धडाला दोन डोकी. खोलीतले सगळे स्क्रीन त्याच्याच जिवावर चालायचे. कुणी चुकलं की काकू चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "फिर से." बरोबर आलं तरी "फिर से." का, तर "एकदा जमलं ते नशीब, दोनदा जमलं ती विद्या." मुलींनी त्यांचं नावच पाडलं.

"बिघडलं" हा शब्द त्यांना खपत नसे. मी एकदा म्हटलं, "काकू, माउस मेला." त्या म्हणाल्या, "मरताना पाहिलास?" वायर निघाली होती.

किल्ली काढून घेतली तसं मी पेटून एक पत्रक लिहिलं आणि काकूंपुढे धरलं. त्यांनी शांतपणे वाचलं. "'हुकूमशहा' चारदा आहे, पुरावा एकदाही नाही. फिर से."

"अहो, पण त्यांनी तुमचं नाव घेऊन..."

"माझं नाव मला ठाऊक आहे गं. मला हे सांग, दसऱ्याला मुहूर्तावर काय काय सुरू केलं?"

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून पुजतात. काकूंनी त्याआधी सर्व्हर उघडून धूळ झाडली होती. सचिवांच्या आरोपाला तेवढंच निमित्त पुरलं. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला. दसऱ्याला सचिव घड्याळ बघत उभे राहिले आणि मुहूर्ताच्या क्षणाला "एक साथ!" म्हणून ओरडले. सर्व्हर, स्क्रीन, भोंगा, रोषणाई, सगळं एकदम चालू! दिवे मिणमिणले, तरी लोकांनी टाळ्या पिटल्या. तेव्हापासून सर्व्हर सुरू होताना मध्येच अडायचा, एक प्रोसेसर सापडत नाही म्हणायचा, आणि बटण दाबलं तरच रडतखडत पुढे जायचा. निम्मे स्क्रीन काळे पडले. उरलेले सचिवांनी बंद केले.

मग एका सकाळी चिरगावचा भंगारवाला टेम्पो घेऊन दारात. सर्व्हर न्यायला! मी आणि मुलींनी उंबऱ्यातच बैठक मारली. काकू आमच्यातून वाट काढत आत गेल्या.

"ताई, आता काय बघायचंय? जळालाय तो," सचिव म्हणाले.

"जळाला तर वास कुठाय?" काकू भंगारवाल्याकडे वळल्या. "भैया, जरा रुकिए. ज़िंदा है कि मुर्दा, देख के ले जाइए."

त्यानं खुर्ची ओढली. "हमें का जल्दी, अम्मा!"

काकूंनी सर्व्हर सुरू केला आणि पुढे जाऊ न देता त्याच्या सेटिंगमध्ये शिरल्या. स्क्रीनवर दुसऱ्या प्रोसेसरपुढे लिहिलेलं होतं, बंद केलेला. जळालेला नव्हे. बंद केलेला!

"सुरू होताना हे यंत्र दोघांची हजेरी घेतं," काकू सांगू लागल्या. "मुहूर्ताला विजेचा दाब घसरला, हा वेळेवर 'हजर' म्हणाला नाही. यंत्रानं नाव काटलं. आणि एकदा काटलं की आपणहून पुन्हा विचारत नाही. अगदी मंडळासारखं." खालीच एक ओळ होती: पुन्हा तपासणी करायची का? पुढे 'नाही'. काकूंनी कीबोर्ड सचिवांपुढे सरकवला. "'हो' करा. तुम्हीच करा. माझा हात लागला तर परत जळेल."

सगळे हसले. सचिवांनी ओठ आवळून बटण दाबलं. सर्व्हर बंद झाला, पुन्हा सुरू झाला, पंखे घोंगावले. आणि या वेळी कुठेही न अडता तो पुढे गेला! एकामागून एक सगळे स्क्रीन उजळले.

"आंटी, जौ तो जिंदा है!" वर्गातली टहरौलीची फूलमती किंचाळली. भंगारवाल्यानं सर्व्हरला हात जोडले. "अम्मा, कभऊँ हमाए टेम्पो की बैटरी सोई देख लियो." टेम्पोची बॅटरीही कधीतरी बघा, असं विनवून तो रिकाम्या टेम्पोनं परत गेला आणि आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत मागे धावलो. किल्ली काकूंच्या पदराला परत आली. वर्ग त्याच दुपारी भरला.

गेल्या महिन्यात काकू लेकीकडे नागपूरला गेल्या, कायमच्या. स्टेशनवर त्यांनी किल्ली माझ्या मुठीत दाबली. "दसऱ्याला आधी सर्व्हर लावायचा, मग रोषणाई. आणि तुझी पत्रकं पुराव्यानिशी." गाडी हलली तरी मी रडले नाही. जिंकलेल्या माणसाला निरोप देताना रडायचं कशाला?

पण एक काम बाकी आहे. सचिवांनी तो कागद गुपचूप काढला. ठपका उघड लावला, माफी मात्र खिशात! मंडळाच्या सभासदांनो, येत्या सभेला या आणि हात वर करा: त्याच फलकावर, त्याच जागी, सचिवांच्या सहीनं काकूंची माफी लागलीच पाहिजे. कुणी म्हणालं "झालं गेलं, सोडा आता", तर आवाज चढवून सांगा: "फिर से."